गजराजाची पाठवणी

आमच्या 'नंदनवन' इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागील अंगास, पत्र्याच्या आडोशाखाली डिझेलवर चालणारे एक जनित्र होते. त्यास मी गजराज म्हणत असे. हे नाव मी उपहासाने ठेवले नव्हते. वीज गेली की क्षणभर निःशब्द शांतता पसरे. मग त्या आडोशातून एक खोकला येई, मग दुसरा, आणि त्यानंतर अशी गर्जना उठे की शेजारच्या गल्लीतील यच्चयावत् श्वान तिला प्रत्युत्तर देत. धूर निघे तो सरळ पहिल्या मजल्यावरच्या धुण्यावर जाऊन स्थिरावे. परंतु त्याच गर्जनेच्या बळावर आमची लिफ्ट चाले, आणि त्या लिफ्टमधून माझी पत्नी कावेरी चौथ्या मजल्यावरून खाली उतरे. म्हणून त्या गर्जनेस मी कधी गोंगाट म्हटले नाही.

कावेरीच्या गुडघ्यांनी जिन्याशी असलेला संबंध तोडून बराच काळ लोटला आहे. दिवसभर ती घरातच असते. सायंकाळी मात्र खाली कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसते. तळमजल्यावरच्या सुलाबाई तिथे भाजी निवडायला येतात, भाजीवाल्याशी भांडण होते, कोणाच्या सुनेचे कौतुक होते. तेवढेच तिचे जग; परंतु त्या जगातील ऊब ती वर घेऊन येते आणि रात्रीच्या जेवणात मला वाढते. आणि परभणीच्या उन्हाळ्यात वीज जाण्याची आवडती वेळही नेमकी सायंकाळचीच.

मी स्वतः जिन्याने उतरतो. तो माझा व्यायाम आहे. आमचा जिना लिफ्टच्या जाळीभोवती वळणे घेत उतरतो, त्यामुळे आत स्टुलावर बसलेली कावेरी मला प्रत्येक वळणावर दिसत राहते. ती खाली पोहोचते तेव्हा मी दाराशी उभा असतो. श्वास थोडा वरखाली होत असतो, इतकेच. हा क्रम आमच्याकडे इतका रूढ झाला होता की त्याविषयी कोणी काही विचारीत नसे.

इमारतीचा अध्यक्ष मी आहे. ज्या सभेत मला अध्यक्ष निवडले, त्या सभेस मी अनुपस्थित होतो. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

तर एके दिवशी, माघ महिन्यात, एक परिपत्रक आले. कोणत्या कार्यालयाचे ते मी सांगणार नाही. त्या कार्यालयातील पंखा माझ्या डोक्यावर नेहमी चालू ठेवण्यात आला होता, हे मी विसरू इच्छीत नाही. शहरातील मोठ्या इमारतींनी जीवाश्म इंधनापासून क्रमाक्रमाने मुक्त व्हावे, सामायिक जनित्रे काढून टाकावीत, आणि त्यांच्या जागी सौरफलक व विद्युत् साठविणाऱ्या बॅटऱ्या बसवाव्यात, असे ते नवे धोरण होते.

'जीवाश्म' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. डिझेल म्हणजे अतिप्राचीन काळी देह ठेवलेल्या जीवांचे सार. माझ्या पत्नीला भाजीवाल्यापर्यंत पोहोचविण्यासाठी आम्ही प्रत्यही इतक्या वृद्ध प्राण्यांना जाळीत होतो, हे मला ठाऊक नव्हते. मी मनोमन त्यांना नमस्कार केला आणि सभा बोलावली.

सभेत पहिला आक्षेप भुजंगरावांचा. भुजंगराव हे सुलाबाईंचे यजमान. देवगाव फाट्याजवळ त्यांची शेती आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून परभणीत आले आणि मुले शिकून पुण्याला गेल्यावर येथेच राहिले. तळमजल्यावर राहणाऱ्या या गृहस्थांना लिफ्टची कधी गरज पडली नाही. परंतु विहिरीवरच्या इंजिनावर त्यांचे बालपण गेले होते, आणि गजराज फक्त त्यांच्याच हाताने सुरू होत असे.

"गुरुजी, चांगलं धडधाकट इंजन हाय," ते म्हणाले. "त्याला काहून घराबाहेर काढायलाव? त्यानं काय कुणाचं घोडं मारलं?"

"ते धूर सोडते, भुजंगराव."

"मी बी बिडी वढतो. मला बी काढता का?"

"हो, काढू," सुलाबाई मागून म्हणाल्या. "आधी ह्येनला काढा गुरुजी, मग इंजनाचं बघू."

सभेत हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला. भुजंगराव मात्र उठताना मला एवढेच म्हणाले, "बघा बाबा. वैनीसायबाचं जाणं-येणं हाय त्याच्यावर. ऐन टायमाला ते सूर्याचं काम फसलं तर?"

हा प्रश्न मी घरी घेऊन गेलो. कावेरीने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला. "फसलं तर फसलं," ती म्हणाली. "गच्चीवर मी जात नाहीच. खालीही नाही गेले तर काय होईल?" हे ती इतक्या सहजपणे बोलली की मला त्या रात्री भात गेला नाही. कारण गच्ची तिची सुटली होती, ती अशीच सहजपणे सुटली होती. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते. पुढे एक जिना राहतो. एका वर्षी ती म्हणाली, यंदा नको. आणि त्यानंतर ती कधी वर गेली नाही. आता खालचे अंगणही त्याच वाटेने जाणार असेल, तर ते माझ्या अध्यक्षपदाखाली तरी जाता कामा नये, असा मी निश्चय केला.

जनित्र काढण्यासाठी परवानगी लागते. कार्यालयातील अभियंता सिद्धोधन हा माझाच विद्यार्थी. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागविला आणि मग संकोचून म्हणाला, "सर, एक अडचण आहे. मशीन चालू स्थितीत असल्याचं प्रत्यक्ष दाखवावं लागेल."

"काढून टाकण्यासाठी?"

"हो सर. बंद मशीन काढलं, तर धूर कमी झाला असं कसं म्हणायचं?"

हा युक्तिवाद सर्वथा निर्दोष होता, आणि दुःख तेच होते. कारण पाहणीच्या दिवशी गजराज उठेना. वर्षानुवर्षे एका हाकेस ओ देणारे ते यंत्र त्या दिवशी केवळ खोकत राहिले. भुजंगराव त्याच्या पाठीवरून हात फिरवीत होते. "काय रे बाबा, आजच रुसायलास व्हय? सायेब आलेत, नीट वाग." सिद्धोधन वाकून धुराड्यात पाहू लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी गजराज जागा झाला. सिद्धोधनच्या शुभ्र सदऱ्यावर पुरावा उमटला. त्याने तो रुमालाने झटकला आणि शांतपणे नोंद केली, 'यंत्र कार्यरत.' नंतर नियमानुसार अध्यक्षाचे यंत्रासमवेत छायाचित्र घेण्यात आले. त्यात गजराज माझ्याहून प्रसन्न दिसतो.

खरा संग्राम मात्र गच्चीवर झाला. सौरफलक बसविण्याचे काम सेलूच्या आदिनाथ नावाच्या तरुण ठेकेदाराकडे दिले होते. त्याने खडूने गच्चीवर रेघा ओढल्या मात्र, सुलाबाई कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे इमारतीतील समस्त स्त्रीवर्ग होता.

"गुरुजी, गच्चीवर काचा बसवायलाव म्हणं?"

"काचा नव्हेत, सौरफलक."

"ते काय बी असू द्या. आमच्या कुरडया कुटं घालायच्या मग? तुमच्या डोस्क्यावर?"

येथे सांगितले पाहिजे की आमच्या इमारतीत उन्हाळ्याचे वाळवण हा सामुदायिक सोहळा असतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून तो शिजविण्याचे काम कावेरीचे. ते ती चौथ्या मजल्यावर, खुर्चीत बसून करते. मग पातेले वर जाते आणि इतर जणी सोऱ्याने कुरडया घालतात. वाळलेली पहिली कुरडई खाली तिच्याकडे परीक्षेसाठी येते. ती मोडून तिचा आवाज ऐकते आणि 'अजून एक ऊन' किंवा 'झाली' असा निर्णय देते. तो निर्णय अंतिम असतो. गच्चीपर्यंत पोहोचणारा तिचा हा एकच हात उरला होता, हे माझ्या ध्यानी तेव्हा आले नाही. मी सुलाबाईंना इतकेच म्हणालो की विज्ञानासाठी थोडी गैरसोय सोसावी लागते. त्या म्हणाल्या, "विज्ञान तुमचं, गैरसोय आमची. बरंय."

फलक बसले. मी दिपून गेलो. त्या रात्री जेवताना मी कावेरीला त्यांचे सविस्तर वर्णन ऐकविले. अध्यापनाची सवय सुटत नाही. ऐकणारी व्यक्ती भाकरी वाढीत असली तरी मी विषय सोडीत नाही. मी म्हणालो, "कावेरी, काय ते फलक! दक्षिणेकडे तोंड करून, किंचित तिरपे, ओळीने मांडलेले. पृष्ठभाग काचेचा, इतका स्वच्छ की धूळ टिकू नये. जमिनीपासून उंच, त्यामुळे मुंगी चढायची नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक क्षणभरही सावली पडत नाही. आणि उष्णता अशी की हात ठेववत नाही."

"हात ठेववत नाही?" तिने विचारले.

"मुळीच नाही."

ती विचारात पडली. माझ्या प्रतिपादनाचा इतका परिणाम पूर्वी क्वचितच झाला होता.

बॅटऱ्या बसविताना आदिनाथने विचारले, "गुरुजी, बॅटरी लाइटीवर बी भरून घ्यायची सोय ठिवू का? कधी कमी पडलं तर कामाला येईल."

"ही वीज कशापासून निर्माण होते?"

"बहुतेक कोळशापासून."

"मग इंधनमुक्तीचा अर्थ काय राहिला? उपवासाच्या फराळात चिमूटभर कणीक चालेल का?"

"ते न्हाई चालत, पण गुरुजी..."

"नाही."

त्याने सोय ठेवली नाही. माझ्या या निर्णयाची पुढे सर्वांनी मला वेळोवेळी आठवण करून दिली आहे.

यानंतर चैत्रात दोन कार्ये उरली होती. सिद्धोधनसमोर नव्या व्यवस्थेची परीक्षा, आणि गजराजाची पाठवणी. भुजंगरावांनी त्यास भंगारात देण्यास साफ नकार दिला होता. "माझ्या शेतात ऱ्हाईल. चिंचंखाली. चालवायचं न्हाई, कबूल हाय. नुस्तं बसू द्या," ते म्हणाले, आणि नियमातही ते बसत होते, अट इतकीच की डिझेलची टाकी काढून कार्यालयाने ताब्यात घ्यावी. आदिनाथचे म्हणणे होते, आधी परीक्षा घेऊ, मग गजराज हलवू. परंतु माध्यान्हीचा अभिजित मुहूर्त मी स्वतः काढला होता. परीक्षा कोणत्याही वेळी होऊ शकते. मुहूर्त टळला तर तो परत बोलावता येत नाही. मी पाठवणी आधी करविली.

पाठवणी देखणी झाली. सुलाबाईंनी गजराजास हळदकुंकू लावले. भुजंगरावांनी नारळ फोडला, झेंडूचा हार घातला आणि आपल्याकडील रीतीप्रमाणे टॉवेल-टोपीचा आहेर केला. टॉवेल पाठीवर पांघरला. टोपी धुराड्यावर इतकी नेमकी बसली की जणू ते त्याच मापाने घडविले असावे. सिद्धोधनने टाकी सोडविली. टेम्पो निघाला तेव्हा भुजंगराव डोळ्यांत काहीतरी गेल्याचे सांगत कडुनिंबामागे गेले.

मग चौथ्या मजल्यावर, आमच्या दाराशी, परीक्षा. सिद्धोधन म्हणाला, "मेन स्विच बंद करतो सर. बॅटरीवर लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली यायला हवी. आत कोणीतरी बसावं लागेल. अध्यक्ष म्हणून तुम्हीच बसा."

मी म्हणालो की अध्यक्षाने बाहेरून निरीक्षण करणे अधिक औचित्याचे ठरेल.  कावेरी दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकवार पाहिले. "मी बसते," ती म्हणाली. "रोज मीच तर बसते."

ती स्टुलावर बसली. सिद्धोधन स्विचपाशी खाली गेला, जाळी ओढली गेली. मी जिन्यावर सज्ज झालो. लिफ्ट निघाली, तिसरा मजला ओलांडला, आणि मग एखाद्या वक्त्याचा विषय संपावा तशी थांबली. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये.

"मेन चालू करा!" मी वरून ओरडलो.

"केलं सर," खालून सिद्धोधनचा आवाज आला. "पण आत्ताच लाइट गेली. सगळ्या गल्लीतली."

मी जाळीपाशी धावलो. आदिनाथ मोबाइलवर बॅटरीचा आकडा पाहत होता. "गुरुजी, बॅटरीत दमच न्हाई. दोन-तीन दिवसापासून फलक काहीच देईना गेलेत. मला वाटलं धूळ बसली आसंल." लिफ्टमध्ये संकटकाळासाठी एक स्वतंत्र बॅटरी असते, ती पूर्वीच निवर्तली होती, हे आम्हांस त्या क्षणी समजले. लिफ्टचा कारागीर नांदेडला होता. तो म्हणाला, निघतो. कोणी काही फिरवू नका.

"गजराजाला मागं आणतो!" भुजंगराव गरजले, आणि कोणी काही बोलण्याआधी मोटारसायकलवर बसून शेताच्या वाटेने, जिंतूर रस्त्याने, दिसेनासे झाले. टाकी सिद्धोधनच्या पायापाशी पडली होती. ती पाहून सिद्धोधन त्यांच्या मागे हाक मारीत धावला. परंतु भुजंगराव हे त्यांच्या लाडक्या यंत्राप्रमाणेच एकदा सुरू झाले की ऐकत नसत.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. जाळीपलीकडे, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, कावेरी स्टुलावर बसली होती. मी खांद्यावरचा पंचा काढून त्याची घडी घालू लागलो, मोडू लागलो. 

"अहो, घाबरलात का?" तिने विचारले.

"मी कशाला घाबरू? आत तू आहेस."

"म्हणूनच विचारलं."

मी पंच्याने जाळीतून वारा घालू लागलो. जाळीमुळे तो वारा बहुधा मलाच लागत होता.  तिने चेहरा थोडा जाळीजवळ आणला, एवढेच. आम्ही इतक्या जवळ, इतका वेळ, काहीही काम नसताना केव्हा बसलो होतो, ते मला आठवेना.

"अहो," ती थोड्या वेळाने म्हणाली, "वर ऊन नाही का आज?"

"आहे. प्रखर आहे. तेच तर कोडे आहे."

 मग पदराशी चाळा करीत म्हणाली, "काचांवर काही घातलं, तर चालतं का हो?"

"काय घातलं?"

"कुरडया."

माझा पंचा थांबला.

"तुम्हीच म्हणालात ना," ती म्हणाली. "दक्षिणेकडे तोंड. स्वच्छ काच. मुंगी चढत नाही, सावली पडत नाही, हात ठेववत नाही. मी सुलाबाईंना म्हटलं, यांनी आपल्याला जागा नाही ठेवली असं कसं म्हणता? यांनी तर वाळवणासाठी राजेशाही इंतजाम केलाय. घाला त्याच्यावर."

"सगळ्या फलकांवर?"

"नाही हो," तिने मला धीर दिला. "काहींवर पापड आहेत."

मी उठलो. जिन्यातून वर तोंड करून, जीवनात प्रथमच लाज सोडून, मी आरडाओरडा केला. सुलाबाईंचा चेहरा वरच्या कठड्यावर आला.

"कुरडया उचला! ताबडतोब!"

"ओल्या हायत गुरुजी! परवापासून घालायलोत, ह्या तर आजच्याच घातलेल्या. उचलल्या तर मोडतील की वो!"

"मोडू द्या!"

"अशा कशा मोडू द्या? वैनीच्या हातचा चीक हाय. गच्चीवर त्या येत न्हाईत, त्यांच्या कुरडयाच येतात. मोडीन का मी?"

हे वाक्य लिफ्टपर्यंत पोहोचले. कावेरीने मान खाली घातली. पंच्याने मी माझा चष्मा पुसला. त्यावर धूळ बसली होती.

मग कावेरी ताठ बसली. "सुलाबाईंना सांगा, उचलू नका. पाण्याचा हात लावून कडेनं सोडवायच्या, आणि काचेच्या उतारावरून साडीवर घसरू द्यायच्या. खाली दोघींनी साडी ताणून धरायची."

मी जिना चढून ते वर सांगितले. वरून प्रश्न आला: पापडांचे काय? मी उतरून तो कावेरीला विचारला. पापड सुटे आहेत, ते नुसते गोळा करा, असे उत्तर आले. मी पुन्हा चढलो. सुती साडी घ्यावी की जुनी नऊवारी? मी उतरलो. माझ्या आयुष्यभराच्या पाठांतराचा असा उपयोग होईल, असे मला कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. सिद्धोधन, त्याच डाग पडलेल्या सदऱ्यात, साडीचे एक टोक धरून उन्हात उभा होता. दुसरे टोक आदिनाथकडे होते. फलकावरून एकेक कुरडई अखंड घसरत साडीत येत होती, आणि प्रत्येक कुरडईस स्त्रीवर्ग "आली गं!" म्हणून स्वागत करीत होता.

शेवटचा फलक मोकळा झाला. आम्ही सारे जिन्यात जमलो. आदिनाथ मोबाइलकडे पाहत होता. "चढायली... चढायली..." तो पुटपुटत होता. बराच वेळ काहीच घडले नाही. नंतर लिफ्टमधील दिवा क्षीण पेटला, मग नीट पेटला. एक हलकासा गुंजारव झाला. आणि कावेरी, स्टुलावर बसलेली, माझ्या डोळ्यांसमोरून हळूहळू खाली जाऊ लागली.

मी जिन्याने धावलो. या वेळी व्यायाम म्हणून नव्हे.

ती बाहेर आली तेव्हा टाळ्या झाल्या. नेमक्या त्याच टाळ्यांत टेम्पो फाटकातून आत शिरला. पुढे घामाघूम भुजंगराव, मागे हार, टॉवेल आणि टोपी यांसह गजराज. जिंतूरच्या अलीकडे चहाला थांबलेला टेम्पो त्यांनी गाठला होता.

"आणलं!" ते ओरडले. "कुटं लावू?"

 सिद्धोधनने हळूच जमिनीवरची टाकी दाखविली. भुजंगरावांनी टाकी पाहिली, गजराज पाहिला, मग दाराशी उभी असलेली कावेरी पाहिली. "आल्या का वैनी खाली? मग झालं तर," ते म्हणाले.

"मांडवपरतणीला आलाय त्यो," सुलाबाई म्हणाल्या. "चहा पाजा टेम्पोवाल्याला, आन् पुन्हा धाडा." तसे करण्यात आले. नारळ दुसऱ्यांदा फोडला गेला.

सिद्धोधन जाताना अडखळला. "सर, अहवालात अडथळ्याचं कारण लिहावं लागतं."

"सत्य लिही," मी म्हणालो. मात्र अध्यक्षाच्या वर्णनशैलीचा उल्लेख त्याने टाळला, हे त्याचे संस्कार.

यानंतर व्यवस्था नीट बसली. गच्चीची पूर्वेकडील पट्टी वाळवणासाठी मोकळी ठेवली. बॅटरी विजेवरही भरण्याची सोय करून घेतली. माझा उपवास मोडला, परंतु डिझेलचा धूर गेला, आणि धोरणाला तेवढेच हवे होते. सारे काही सुरळीत झाले. फक्त कावेरी खाली येईनाशी झाली.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, आज गुडघा दुखतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज ऊन फार होते. त्यानंतर तिने कारण देणेही सोडले. सुलाबाई खालून हाका मारीत. ती खिडकीतून हात हलवी. भाजी दोरीच्या पिशवीतून वर येऊ लागली. रात्रीच्या जेवणात आता कोणाच्या सुनेचे कौतुक नसे. गच्ची जशी सुटली होती, तसेच अंगण सुटत चालले होते. मी तिला लिफ्टच्या निर्धोकपणावर सविस्तर बोललो. तिने ऐकून घेतले. माझ्या वर्णनांचा तिने आता धसका घेतला असावा.

एके सायंकाळी वीज गेली. सवयीने मी गर्जनेची वाट पाहिली. गर्जना झाली नाही. श्वानही गप्प होते. त्या शांततेत खालच्या अंगणातील बोलणे चौथ्या मजल्यावर स्पष्ट ऐकू येत होते, सुलाबाई भाजीवाल्याला म्हणत होत्या, "मेथी हाय का गवत?" इतक्या वर्षांत वीज गेल्यावर आम्हांला हे कधी ऐकू आले नव्हते. कावेरी खिडकीशी उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मला पाहवेना.

मी जाऊन लिफ्टची जाळी उघडली. आत दिवा जळत होता.

"चल," मी म्हणालो.

ती दारापर्यंत आली आणि थांबली. "आणि तुम्ही? जिन्यानं?"

मी जिन्याकडे पाहिले.

"ही लिफ्ट बसल्यापासून तुम्ही एकदा तरी बसलात का हो हिच्यात?" ती अगदी हळू म्हणाली. "सभा घेतल्या, फलक बसवले, गजराज काढला. सगळं माझ्यासाठी. पण आत पाय नाही ठेवलात. मला काय कळत नाही, व्यायाम म्हणजे काय ते?"

लोखंडाच्या त्या पिंजऱ्याखाली चार मजल्यांची पोकळी आहे, ही गोष्ट मला सदैव ज्ञात होती. मी तिचा विचार करणे टाळीत आलो होतो, आणि टाळण्यासाठी प्रत्यही चार मजले उतरत आलो होतो. मी धोतराचा सोगा सावरला. उजवे पाऊल आत ठेवले, मग डावे. कावेरी माझ्यामागून आली. तिने स्टूल माझ्याकडे सरकविले.

"तुझे गुडघे," मी म्हणालो.

"तुमचे कापायलेत. बसा."

मी बसलो. जाळी लागली. खालची फरशी एकदा हलकेच थरथरली आणि मी डोळे मिटून घेतले. दिवसभर गच्चीवर पडलेले ऊन कुठल्याशा तारेतून उतरून आम्हां दोघांना खाली नेत होते. त्याचा आवाज कावेरीच्या बांगड्यांहून मोठा नव्हता.

"इथं अडकले होते मी," ती मध्येच म्हणाली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला. तो धीर घेण्यासाठी आला होता की देण्यासाठी, हे मी विचारले नाही. मी त्यावर माझा हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

लिफ्ट थांबली. जाळी सरकल्याचा आवाज झाला. मेथीचा वास आला.

"अगं बया! दोघं बी?" सुलाबाईंचा आवाज.

"आलो खाली," कावेरी माझ्या कानाशी म्हणाली. "डोळे उघडा आता."